आजीच्या इंगळावरचा अमेरिकी केक

ओहायोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंनी एका संध्याकाळी काचेचं गरम भांडं हातात आणून दिलं. वर खरपूस, तांबूस पापुद्रा आणि खाली खदखदणारी चेरी. बाहेर बर्फ पडत होता, घरात मी एकटी. उभ्या उभ्या चार चमचे खाल्ले आणि मग बसून निम्मं भांडं संपवलं.

याला तिकडं डम्प केक म्हणतात. डब्यातली फळं भांड्यात ओतायची, वर केक मिक्सचं खोकं रिकामं करायचं, लोणी पसरायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. रसासकट अननसाचा 567 ग्रॅमचा डबा, चेरीच्या सारणाचा 595 ग्रॅमचा डबा, पिवळ्या केक मिक्सचं 432 ग्रॅमचं खोकं, दीडशे ग्रॅमच्या आसपास लोणी. 180 अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. ढवळायचं मात्र अजिबात नाही. खालून रसाची वाफ वर चढते, वरून लोणी वितळून खाली उतरतं, आणि दोन्हीच्या मध्ये कोरडं पीठ भिजून केक होतो.

पहिल्यांदा केला तेव्हा मी लोण्याचे चार मोठे गोळे टाकून मोकळी झाले. जिथं लोणी पोचलं नाही तिथं पांढरं पीठ जसंच्या तसं! पाहुणे समोर बसलेले, मला रडूच आलं. तेव्हापासून लोण्याचे पातळ काप करून पिठावर अंगणात सडा घालावा तसे सगळीकडं पसरते.

या जूनमध्ये मुलांना घेऊन अंबाजोगाईला आले तेव्हा बॅगेत एक खोकं आणलं होतं. आजीला हा केक खाऊ घालायचा होता, कारण आजी अंडं खात नाही. खोक्यावरच्या कृतीत तीन अंडी सांगितलेली असतात, पण डम्प केकला एकही लागत नाही. मिक्समध्ये अंड्याची भुकटी नाही ना, तेवढं वाचून घ्यायचं.

फळ कोणतं घ्यायचं? आमच्या बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जालन्याच्या मोसंबीलाही. दोन्ही आमच्या अभिमानाची, पण केकात चालत नाहीत. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, मोसंबीचा रसही उकळून कडू पडतो. राहिला मराठवाड्याचा केशर आंबा. मृगाच्या तोंडावर घरात आढी लागलेली होतीच. किलोभर फोडी केल्या. डब्यातल्या फळासारखा पाक इथं नसतो, म्हणून अर्धी वाटी पाणी, दोन चमचे साखर आणि लिंबाचा रस घातला. तूप नाही घेतलं. तुपात पाणी नसतं, पीठ भिजायला ओलावा हवा. म्हणून आदल्या दिवशीचं घरचं लोणी.

ओव्हन नव्हता. परसातल्या चुलीवर मोठं जर्मनचं पातेलं ठेवलं, तळाला वाळू, त्यावर तीन खडे, खड्यांवर केकचा डबा, वर झाकण. तासाभरानं उघडलं. खालचा आंबा छान शिजला होता, वरचं पीठ ओलसर, फिकट. रंगाचा पत्ता नाही.

आजी ओट्यावरून बघत होती. “नुसतं खालूनच तापवायलीस, वर कुठंय विस्तव? सरक बाई.”

पंच्याऐंशी वर्षांची बाई चुलीपुढं बसली. चिमट्यानं एकेक इंगळ उचलून तिनं झाकणावर मांडला, काठानं दाट, मध्ये विरळ. मध्ये दाट ठेवले की मधोमध करपतं, म्हणाली. मग तळहात झाकणाच्या वर धरून आच जोखत राहिली. तिच्या हातांवरच्या शिरांकडं बघताना मी घड्याळ बघायचं विसरले. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं राख फुंकून झाकण उचललं. तोच तांबूस पापुद्रा, कडेनं वर आलेला केशरी रस, आणि परसभर वास. त्या भांड्यातलं शेवटचं बोटभर आजीनं स्वतःच पुसून खाल्लं.

खायला सगळी जमली तेव्हा खोक्याची गोष्ट सांगितली. 1930च्या दशकात पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीकडं मोलॅसिस, म्हणजे आपल्या काकवीसारखा पदार्थ, शिल्लक पडला होता. त्यांनी तो वाळवून पिठात मिसळला आणि केकचं तयार पीठ विकायला काढलं. काकवी उरली की काय करायचं हे आजीला नवं नव्हतं, पण ती वाळवतात याचं तिला भारी नवल वाटलं.

खोक्यावाचून करायचा असेल तर 220 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम साखर, अडीच लहान चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ कोरडंच एकत्र करा. आईनं हे पीठ बरणीत भरून ठेवलंय, येत्या थंडीत पेरूचा केक करणार आहे.

परत आल्यावर परवा व्हिडिओ कॉल चालू असताना मी इथं केक लावला. आजीनं विचारलं, “तुझ्या त्या पेटीत वरचा विस्तव कुठं ठेवतेस गं?” शेवटची दोन मिनिटं वरची कॉइल लावली आणि दार किंचित उघडून फोन आत दाखवला. कॉइल लालभडक झाली होती.

“हां,” आजी म्हणाली, “म्हणजे वर इंगळ हायच की.”