तांब्याची सावली

“तांब्या उचलला, पण सावली तिथंच राहिली. भारी आहे हे!” टेस्टिंगला आलेली मुलगी हेडफोन काढत म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला. भारी कसलं, ती माझी चूक होती.

आमचा पॉइंट-अँड-क्लिक गेम, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत पुढे जायचं असा, एका वाड्यात घडतो आणि त्याची सगळी बॅकग्राउंडं फोटोंची आहेत. चित्रं काढण्यापेक्षा हे स्वस्त, वाईला दोन दिवस गेलं की झालं, असं प्रोड्यूसरचं मत. शेड्यूलही त्यानेच आखलेलं.

माणूस उभा राहून जसा फोटो काढतो तसा काढला, तर जमीन चेपली जाते आणि पात्राला चालायला जेमतेम पट्टीभर जागा उरते. म्हणून वाड्यातलीच शिडी मागून कॅमेरा अडीच मीटरवर बांधला. तो खाली झुकवायचा नाही, नाहीतर खांब तिरपे होतात. सरळ ठेवायचा आणि वरचं छत नंतर कापून टाकायचं. याचा फायदा असा की सपाट चौकात आमच्या 1.7 मीटरच्या नायिकेचे पाय कुठेही असोत, पायांपासून क्षितिजरेषेपर्यंतच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीच्या रेषेपर्यंतच्या, अंतराच्या 68 टक्के धरले की तिची उंची बरोबर येते. हे गणित बसलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो.

फोटोची खरी खोड वेगळी आहे. चित्रकार हवं तेवढंच काढतो. कॅमेरा सगळंच घेतो, आणि तेही सारख्याच इमानाने. मेणवलीच्या घाटावर एक सीन घेतला. तिथे 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. आमच्या कथेत तिचं काही काम नाही, पण प्रत्येक टेस्टरने आधी तिच्यावरच क्लिक केलं. किल्ली दगडावर पडून होती, तिच्याकडे कुणी बघेना. ‘द लॉस्ट क्राउन’ (2008) या गेममध्ये त्याचा कर्ता जोनाथन बोक्सने कॉर्नवॉलचे फोटो काळेपांढरे करून मोजक्याच ठिकाणी रंग ठेवला, त्यातली हुशारी मला तेव्हा कळली.

तर तांब्या. उचलता येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी दोन फोटो लागतात, वस्तूसकट आणि वस्तूविना. कॅमेरा तोच, एक्स्पोजर तेच, आणि मध्ये पाच मिनिटांहून जास्त जाऊ द्यायची नाहीत, कारण ऊन सरकतं. ओसरीच्या कडेवरच्या तांब्याचा दुसरा फोटो मी विसरलो. वाडेकरी काकू चहा घेऊन आल्या, हे कारण नाही, पण तेवढ्यात विसरलो खरा. पुण्यात आल्यावर शेजारचा दगड क्लोन करून, म्हणजे फोटोतलाच तुकडा वर चिकटवून, तांब्या पुसला, कडेवरची सावलीही पुसली. तिचा एक तुकडा मोडून खालच्या पायरीवर उतरला होता. तो मला ओल वाटली.

त्या दिवशी सहाजण खेळले. चौघांना सावली दिसली आणि चौघांनाही तो कथेतल्या मेलेल्या आजीचा इशारा वाटला. एकाने तर वहीत टिपून ठेवलं. वर्षभर मी खांबांच्या कडा पिक्सेल-पिक्सेल करून कापतोय, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी रात्रीच दुरुस्त करायला बसलो, तर डिझायनर म्हणाली, “हात लावू नकोस. अशा अजून दोन जागा कर.”

केल्या. समईची एक, खुंटीवरच्या पगडीची एक. या वेळी मुद्दाम, दिशा मोजून, कडा हव्या तेवढ्या मऊ ठेवून. तीन दिवस गेले. पुढच्या फेरीतल्या पहिल्याच मुलाने समई उचलली, पायरीकडे बघितलं आणि फॉर्मवर लिहिलं, “सावली काढायची राहिली आहे. बग.”

तांब्याजवळ मात्र तो बराच वेळ थांबला होता.