गच्चीवरचा झेंडू: दसऱ्यापर्यंतची नोंद (२०२५)

मंडळी, शेंडा खुडल्याने झेंडूत खरंच फरक पडतो का, यावर जुलैत बराच वाद झाला होता. माझ्या इंदिरानगरच्या गच्चीवरचा हिशेब घ्या.

५ जुलैला बी टाकलं, पाचव्या दिवशी उगवलं. महिनाअखेरीस १२ रोपं कुंड्यांत गेली. १० ऑगस्टला सहांचे शेंडे खुडले, सहांना हात लावला नाही. (तरारलेला कोंब मोडताना जीव खालीवर होतो, ते सोडा.) न खुडलेली गणपतीतच फुलली. उंच काठी, टोकाला एक भलंमोठं फूल आणि वारा सुटला की निम्मी आडवी. खुडलेल्यांना पंधरवडाभर उशीर झाला, पण एकेकाला सात-आठ फांद्या फुटल्या आणि कळ्या आल्या ऐन नवरात्रात. दसरा २ ऑक्टोबरचा, म्हणजे नेम बसला म्हणायचा.

तेवढ्यात पाऊस कोसळला. गच्च पाकळ्यांच्या फुलात पाणी साचतं, बाहेरून पिवळंधमक दिसतं आणि दाबलं की आत तपकिरी चिखल. रोज सकाळी फुलं उलटी करून झटकली, तरी निम्मी गेलीच. शेजारच्या कुंडीतल्या बुटक्या मखमलीला (लहान फुलांच्या झेंडूला) मात्र काही झालं नाही. तोरणाला कमी पडलेली फुलं फुलबाजारातून आणावी लागली, दसऱ्याच्या भावाने!

तोरण ओवताना भाचीला एक फूल उसवून दाखवलं. जिला आपण पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी बारीक काडी असते. वाळली की तीच काळी पडते, तेच बी. म्हणजे प्रत्येक पाकळी हेच एक फूल. "मामा, मग हा गुच्छच की!" अगदी बरोबर. हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं हे तिला पटेना. आपण दारावर लावतो, तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या वाटेवर पाकळ्या पसरतात.

आता त्याच मातीत टोमॅटो लावतोय. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना (मातीतले बारीक जंत, जे टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणतात) मारक द्रव्य पाझरतं, पण त्यासाठी झेंडू त्या जागी दोन-तीन महिने वाढलेला हवा; टोमॅटोशेजारी एखादं रोप खोचून भागत नाही. एका कुंडीत मुद्दाम झेंडू नसलेली जुनी माती ठेवली आहे. जानेवारीत दोन्हींतली रोपं उपटून मुळांवरच्या गाठी मोजणार.