नांदूर मध्यमेश्वर: आधी पाणी विचारा, मग निघा

बंधाऱ्यात पाणी किती आहे, हे स्थानिक गाइडला आदल्या दिवशी फोन करून विचारा. नांदूर मध्यमेश्वर या नाशिक जिल्ह्यातल्या पक्षी अभयारण्याची फेरी त्यावरच ठरते. गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा ब्रिटिशकालीन बंधारा पाटपाण्यासाठी बांधलेला. वर्षानुवर्षं गाळ साचून त्यात बेटं आणि दलदल तयार झाली, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) होण्याचा मान या गाळानेच मिळवून दिला! पाणी मात्र अजून आवर्तनावर, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडण्यावर, चालतं. बंधारा भरला की चिखल बुडतो आणि तुतवार, चिखल्या, पाणटिवळे हे चिखलात चरणारे पक्षी गायब होतात. पातळी हातभर उतरली की तेच काठाशी येतात.

पक्षी पाहायला जायचं ते चापडगाव नाशिकहून साधारण ४० किमी. रेल्वेने आलात तर निफाडला उतरून पुढे गाडी ठरवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी चेष्टा नाही. कानटोपी लागतेच, आणि धुकं असलं तर आठपर्यंत काही दिसत नाही. तरी उजाडताना निरीक्षण मनोऱ्यावर असावं, कारण दहानंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) ३० पटीच्या पुढे नेला की बदकाचा नुसता डाग होतो. हातातली दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते.

ऑक्टोबरात घाई करू नका. तेव्हा नर बदकंही मादीसारखी मळकट दिसतात आणि नवख्याचा गोंधळ उडतो. नोव्हेंबरअखेरपासून थापट्या बदकाची पसरट चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, चक्रवाकाचा भगवा रंग लांबूनही ओळखू येतो. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई मात्र स्कोपमध्येच नीट दिसते. कमळपक्ष्याची लांब शेपटी शोधत बसू नका, हिवाळ्यात ती नसतेच. रोहित (फ्लेमिंगो) दिसले तर नशीब, त्यांच्या भरवशावर फेरी आखू नये.

जवळून बघायला जांभळी पाणकोंबडी सर्वांत सोपी. पाणवनस्पतीचा देठ उपटून ती पायाच्या लांब बोटांत धरते आणि आतला मऊ गर सोलून खाते. शेजारी काळा, पांढऱ्या चोचीचा दिसतो तो वारकरी.

सगळा थवा एकदम उठला तर कॅमेरा त्यावर रोखण्याआधी वर पाहा, बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी फिरत असतो. दहा मिनिटं हलू नका, पक्षी पुन्हा उतरतात, कधी आधीपेक्षा जवळ. याच वेळी लोक फोटोसाठी चिखलात पुढे जातात. वरून घट्ट दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत ओढतो, आणि थवा पलीकडच्या बेटावर जातो तो त्या सकाळी परत येत नाही.

ऊन चढल्यावर शेतांच्या बाजूला वळा. तारांवर वेडा राघू, नीलपंख, खाटीक मिळतात. द्राक्षबागेत विचारल्याशिवाय शिरू नका, फवारणी चालू असू शकते.