आडनाव नसलेली पिशवी

थेंब बुडला की पास, तरंगला की नापास. रक्तदानाच्या शिबिरात खाटेपर्यंत पोचायच्या आधी ही परीक्षा असते. बोटाला सुई टोचतात, थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात आणि सगळे त्या पाण्याकडे बघत राहतात. हिमोग्लोबिन निदान साडेबारा असेल तर थेंब सरळ तळाला जातो. माझा थेंब वीसेक वर्षं तरंगत होता. डॉक्टर समजुतीच्या सुरात "ताई, गूळ-शेंगदाणे खा" म्हणायचे, लोहाच्या गोळ्या हातावर ठेवायचे आणि मी परत निघायची. बाहेर कॉफी-बिस्किटांचं टेबल असायचं. पण रक्त न देता तिथलं बिस्किट उचलायला हात व्हायचा नाही.

यंदा, पन्नाशी उलटून चार वर्षं झाल्यावर, थेंब बुडला. दगडासारखा. दिवस होता १४ जून, म्हणजे माणसाच्या रक्ताचे गट असतात हे १९०१ साली जगाला सांगणाऱ्या कार्ल लँडस्टायनरचा वाढदिवस. त्या दिवशी जगभर रक्तदाता दिन पाळतात. आमच्या साताऱ्यात तो गणपती मंडळाच्या हॉलमध्ये पाळला गेला.

खाटेवर पडल्यावर करायला काही नसतं. हातात रबरी चेंडू देतात, तो दाबत राहायचं. खाली पिशवी एका छोट्या पाळण्यात डुलत असते. मी मात्र बघत होते ती टेक्निशियन मुलीची बोटं. तिच्याजवळ बारकोडच्या स्टिकरची एक पट्टी होती, सगळ्यांवर एकच नंबर. नखाने एकेक सोलून ती चिकटवत होती. एक मोठ्या पिशवीवर, दोन तिला जोडलेल्या पिशव्यांवर, तीन तपासणीच्या नळ्यांवर, एक माझ्या फॉर्मवर. सात झाले. हळदीकुंकवात बोटं फिरावीत तशी बोटं फिरत होती. पण त्याआधी तिने मला विचारलं होतं, "पूर्ण नाव सांगा." दारात एकदा सांगितलं होतं, वजनकाट्यापाशी दुसऱ्यांदा, हे तिसऱ्यांदा. मी जरा वैतागूनच सांगितलं.

शेवटी तिने नळी चिमट्याने दाबत आणली, यंत्रात धरून टक-टक-टक सील केली. नळीचे मण्यांसारखे तुकडे झाले. त्या नळीवरही ठरावीक अंतराने तिचा स्वतःचा नंबर छापलेला असतो, प्रत्येक मण्यावर तोच. पुढे पेशंटच्या रक्ताशी माझं रक्त जुळतंय का हे बघायचं, तर पिशवी न फोडता यातला एक मणी तोडून घेतात. डोळ्यांसमोर माझं रक्त साडेतीनशे मिलिलिटर भरलं आणि त्यावर माझं नाव कुठेच नव्हतं. गट, तारीख, मुदत, रेघा. आडनावसुद्धा नाही.

मला ते आवडलं. मी सहकारी बँकेत नोकरी करते. नाव या गोष्टीवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. आमच्याकडे जाधव, शिंदे, पवार इतके आहेत की काउंटरवरून "जाधव" म्हणून हाक मारली तर अर्धी रांग पुढे सरकते. लेजर हाताने लिहायचो त्या काळात एका शिंद्यांचा भरणा दुसऱ्या शिंद्यांच्या खात्यात गेला, की संध्याकाळी सगळी व्हाउचरं पुन्हा चाळायची. नावात काना-मात्रा चुकली तर चालतं. नंबर चुकता कामा नये.

रक्तपेढ्यांनीही शेवटी तेच केलं. त्यांचं जगभराचं एक प्रमाण आहे, आयएसबीटी १२८. त्यात प्रत्येक रक्तदानाला तेरा अक्षरांची ओळख असते. पहिली पाच रक्तपेढीची, पुढचे दोन आकडे वर्षाचे, उरलेले सहा अनुक्रमांक. आणि मला सगळ्यात जवळचं वाटलं ते शेजारच्या चौकटीत एकटं बसलेलं चौदावं अक्षर. ते त्या तेरांवरून हिशेब करून काढलेलं असतं. कुणी घाईत नंबर हाताने टाइप केला आणि ५३ चे ३५ झाले, तर हिशेब जुळत नाही आणि कॉम्प्युटर अडून बसतो. आपल्या आधारचा शेवटचा आकडाही असाच राखणदार आहे. बँकेतल्या माणसाला अशी राखण बघितली की बरं वाटतं.

आता गोष्ट आईची. आई माझ्याकडेच असते, वय ७९, ऐकायला कमी. मागच्या वर्षी तिचं रक्त तपासायला लॅबचा मुलगा घरी आला होता. चुणचुणीत पोरगा. जांभळ्या टोपणाची नळी, राखाडी टोपणाची शुगरची, पिवळ्या टोपणाची. बारकोडचे स्टिकर लॅबमधूनच छापून आणलेले. खिशातून एक पट्टी काढली आणि विचारलं, "आजी, एस. कुलकर्णी ना?"

"हो," आई म्हणाली.

आई सगळ्यालाच हो म्हणते. ऐकू न येणाऱ्या माणसाने संसारात काढलेली ती सोपी वाट आहे. शिवाय ती खरोखरच एस. कुलकर्णी आहे, सुमन. दुसऱ्या दिवशी त्याने ठेवलेल्या पट्टीवरचा नंबर टाकून मोबाइलवर रिपोर्ट उघडला. हिमोग्लोबिन बरं, शुगर काठावर आणि खाली पीएसए. मी दोनदा वाचलं. ही चाचणी प्रोस्टेटची. पुरुषांची.

लॅबला फोन केला. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून ठामपणे सांगितलं, "मॅडम, सॅम्पल बारकोडवर आहे, चूक होऊच शकत नाही." आणि एका अर्थी बरोबरच होतं त्यांचं. नळी लॅबमध्ये किती वाजता पोचली, कोणत्या मशीनवर लागली, सगळं मिनिटासकट नोंदलेलं होतं. फक्त त्या मुलाच्या खिशात पुढच्या घरच्या एस. कुलकर्णींचीही पट्टी होती, आणि हात पडला तो तिच्यावर. चुकीच्या माणसाच्या नावाने आईचं रक्त अगदी शिस्तीत प्रवास करून आलं. तिकडे त्या काकांच्या रिपोर्टात आईचं थायरॉईड गेलं असणार.

आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पण नॉर्मल आलंय ना? मग झालं."

आम्ही हसलो, पुन्हा रक्त दिलं, विषय संपला. शुगरच्या रिपोर्टात एवढ्यावर भागतं. हीच पट्टी रक्तगटाच्या नळीवर लागली असती तर भागलं नसतं. चुकीच्या गटाचं थोडंसं रक्तही जिवावर बेतू शकतं, आणि अशा प्रसंगांत चूक बहुतेक वेळा रक्तात नसते, लेबलात असते. तेव्हापासून मला "तुम्ही अमुक ना?" आणि "तुमचं नाव काय?" या दोन प्रश्नांतला फरक कळतो. पहिल्याला गुंगीतला माणूसही हो म्हणतो, घाबरलेलाही म्हणतो, माझी आई तर म्हणतेच. दुसऱ्याचं उत्तर ज्याचं त्यालाच द्यावं लागतं. शिबिरातल्या त्या मुलीवर वैतागले त्याची मला घरी येताना लाज वाटली.

बारकोडच्या या रेघा मुळात रक्तासाठी नव्हत्याच. किराणा दुकानासाठी होत्या. नॉर्मन वूडलंड नावाचा तरुण मायामीच्या किनाऱ्यावर बसला होता. मोर्सची, म्हणजे तारयंत्राची, कट्ट-कडकट्ट भाषा त्याला येत होती. वाळूत बोटांनी टिंब आणि रेघ काढता काढता त्याने ती बोटं खाली ओढली आणि जाड-बारीक पट्टे उमटले. पेटंट मिळालं ७ ऑक्टोबर १९५२ ला. दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली त्यानंतर बावीस वर्षांनी, आणि ती काय, तर च्युइंगगमचं पाकीट. त्याच १९५२ साली इकडे मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र रक्तगट जगासमोर ठेवला. नेहमीच्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. ओ मध्ये असणारा एच हा घटकच त्यात नसतो. त्या माणसाला रक्त लागलं तर त्याच्याच गटाचा दुसरा माणूस शोधावा लागतो. त्याचं नाव बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही बदललं. एकाच वर्षी एकीकडे वस्तू ओळखायच्या रेघा आल्या आणि दुसरीकडे ओळख चुकली तर काय होईल याचा सगळ्यात अवघड नमुना. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला आपली गंमत वाटते.

नंबर सगळं लक्षात ठेवतो. पिशवी कुठून आली, तपासण्या कधी झाल्या, कुणाला चढली. उद्या काही गडबड निघाली तर उलट मागे येऊन दात्याला गाठतो. मात्र दात्याला पुढे जाता येत नाही. मी नंबर घेऊन रक्तपेढीत गेले आणि "माझं रक्त कुणाला दिलं?" विचारलं तर सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. आपल्याकडे उपकार केला की तो निदान चार लोकांना कळावा अशी रीत आहे. देवळाच्या फरशीवरसुद्धा "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" कोरलेलं असतं. इथे फरशी नाही. माझा भाचा स्टॉकहोमला असतो, त्याला तिथल्या रक्तपेढीकडून मेसेज आला होता, तुझं रक्त आज वापरलं. कुणाला ते नाही, फक्त वापरलं एवढंच. तो कचेरीत बसून तो मेसेज दहा वेळा वाचत होता म्हणे. मला तेवढं चाललं असतं.

मला असा मेसेज आलेला नाही. म्हणून मी आपली कालनिर्णयवर खुणा केल्या. रक्तातले घटक वेगळे करून माझ्या एका पिशवीच्या तीन झाल्या असणार. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, तेही सतत हलवत ठेवल्या तर. १९ जूनला लाल टिंब केलं. तांबड्या पेशींवर टिकवण्याचं द्रावण घातलं की बेचाळीस दिवस. २६ जुलैला दुसरं टिंब केलं. त्या दिवशी धो-धो पाऊस होता, बँकेत चारच माणसं आली, आणि मी उगाचच दुपारी दोनदा घड्याळाकडे बघितलं. प्लाझ्मा उणे तीस अंशात वर्षभर राहतो. त्याची तारीख पुढच्या जूनमधली. ते कॅलेंडर अजून घरात आलेलं नाही, म्हणून शेवटच्या पानामागे दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने लिहून ठेवलीय.