लॅम्बो फील्डवर गप्प बसायला शिकताना

दादाकडे मिलवॉकीला गेले होते. शिकागो पाहिलं, मिशिगन सरोवराच्या काठानं फिरले, नाताळातली रोषणाई पाहिली. सगळं छान होतं, पण त्यावर लिहावं असं काही मनात उरलं नाही. उरला तो ग्रीन बेमधला एक रविवार, 7 जानेवारी 2024. अमेरिकन फुटबॉलचा सामना, ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध शिकागो बेअर्स, पॅकर्सच्या लॅम्बो फील्ड या स्टेडियममध्ये. दोघांचं वैर 1921 पासूनचं, आणि त्या दिवशी जिंकले तर पॅकर्स बाद फेरीत जाणार होते.

अमेरिकन फुटबॉल मला तोवर अजिबात आवडत नव्हता. टीव्हीवर पाहिलं की वाटायचं, हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, ढीग होतो, शिट्टी वाजते आणि लगेच जाहिरात लागते. पंधरा वर्षांच्या पुतण्यानं हट्टच धरला, "आत्या, तू एकदा लॅम्बोला ये. घरात बसून नाही कळायचं." वहिनीनं दोन जोडी लोकरी मोजे माझ्यापुढे टाकले आणि विषय संपला.

तिकिटांबद्दल मात्र बोलायलाच हवं. इथली हंगामाची तिकिटं 1960 पासून संपलेलीच आहेत. प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत, बाळ जन्मलं की त्याचंही नाव यादीत घालणारे लोक आहेत. त्यामुळे आमच्यासारख्यांना कुणीतरी विकायला काढलेलं तिकीट एका साइटवरून घ्यावं लागलं. तिथे तेव्हा आधी एक किंमत दाखवली आणि पैसे भरायच्या पानावर शुल्कं चढत चढत भलताच आकडा आला. हे मला अजिबात पटलं नाही. सामना कितीही चांगला झाला तरी त्या साइटबद्दलचा राग गेलेला नाही.

गाडीत दोन तास पुतण्याची शिकवणी चालली होती. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा, त्याला एंड झोन म्हणायचं. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्या प्रत्येक संधीला डाऊन म्हणतात. दहा यार्ड गेलात की पुन्हा नव्या चार संधी. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला, तोही जिथे असेल तिथेच. म्हणून तीन संधी वाया गेल्या की बहुतेक संघ चौथ्या संधीला चेंडू लाथेनं लांब उडवून देतात, म्हणजे समोरच्याला निदान दुरून सुरुवात करावी लागते. गोलखांब टप्प्यात असतील तर त्यांच्या मधून चेंडू मारायचा आणि तीन गुण घ्यायचे. एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण. त्यानंतर लाथ मारून एक जादा गुण, किंवा जोखीम घेऊन पुन्हा एक चाल खेळून दोन. "एवढंच लक्षात ठेव," तो म्हणाला. खरंच, तेवढ्यावर माझा अख्खा सामना निभावला.

ग्रीन बे हे जेमतेम एक लाख सात हजार वस्तीचं शहर आहे आणि स्टेडियममध्ये 81 हजारांवर माणसं बसतात. मैदानाला लागूनच साधी घरं आहेत. घरमालक अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घेतात. आम्हीही एका आजोबांच्या अंगणात चाळीस डॉलर देऊन गाडी लावली. त्यांनी विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, भारतातून, सांगलीकडून. ते गॅरेजमध्ये गेले आणि भिंतीवरची चौकट काढून दाखवायला घेऊन आले. त्यात पॅकर्सचा शेअर होता.

हा क्लब कुणा अब्जाधीशाच्या मालकीचा नाही. 1919 मध्ये संघ उभा करणारा कर्ली लॅम्बो इथल्या मांस डबाबंद (पॅकिंग) करणाऱ्या कंपनीत कामाला होता. कंपनीनं जर्सींसाठी पैसे दिले, त्यावरून संघाचं नाव पॅकर्स पडलं. पुढे पैशाची चणचण झाली तेव्हा, 1923 मध्ये, गावानं शेअर काढून संघ वाचवला. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. शेअरवर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, तिकिटात सवलतसुद्धा नाही. मिळतं ते प्रमाणपत्र आणि वार्षिक सभेत मत. माझे वडील सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. त्यांचाही भागाचा दाखला असाच काचेत होता, पण त्यावर दिवाळीला सवलतीची साखर तरी मिळायची. इथे तेवढीही नाही, आणि तरी आजोबांनी चौकटीवरची धूळ बाहीनं पुसून मगच ती माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला या गावाबद्दल आपलेपणा वाटायला लागला.

पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे शेगड्या पेटलेल्या. सगळीकडे बिअर आणि ब्राटवुर्स्ट नावाच्या जाड सॉसेजचा धूर. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर शेजारच्या अनोळखी कुटुंबातल्या बाईंनी तळलेल्या चीज कर्ड्सचा, म्हणजे चीजच्या छोट्या तुकड्यांचा, कागदी द्रोण माझ्या हातात दिला, वर "आणखी घे" म्हणून मागे लागल्या. आग्रह करकरून वाढणारी माणसं मला अमेरिकेत फक्त इथेच भेटली.

आत शिरल्यावर पहिली तक्रार. बसायला बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे लांब बाक, त्यावर रंगवलेले आकडे. दोन आकड्यांमधली जागा उन्हाळ्यातल्या माणसाच्या मापाची, आणि आम्ही सगळे तीन-तीन थरांत गुंडाळलेले. मांडीला मांडी लावून बसायचं आणि एकानं हात वर केला की चौघांनी सरकायचं. तापमान शून्याच्या जरा वर होतं, म्हणजे इथल्या लोकांच्या मते छान हवा. 31 डिसेंबर 1967 ला याच मैदानावर उणे 25 अंश सेल्सिअसमध्ये पॅकर्सनी डॅलस काउबॉईजना 21-17 हरवलं. तो सामना 'आइस बाऊल' म्हणून इथे आजही कालच झाल्यासारखा सांगतात. तासाभरात काँक्रीटचा गारठा बुटांतून वर चढायला लागला. पुढच्या ओळीतल्या आजींनी मागे वळून माझ्या पायांकडे पाहिलं आणि काही न बोलता पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्या बुटांखाली सरकवला. त्या घरूनच जादा पुठ्ठे घेऊन येतात. कुणीतरी नवखं दरवेळी असतंच, म्हणाल्या.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

शिकागोकडे चेंडू होता तेव्हा स्टेडियम नुसतं गर्जत होतं. तिसरा डाऊन आला की लोक उभे राहून बाकांवर बूट आपटायचे, ॲल्युमिनियमचा तो आवाज छातीत घुमायचा. मीही घसा ताणून ओरडत होते. मग चेंडू पॅकर्सकडे आला. आता तर आपलाच डाव, म्हणून मी "गो पॅक गो" सुरू केलं तोच पुतण्यानं माझी बाही ओढली. "आत्या, आता नाही. आता आपला चेंडू आहे. आता गप्प."

मी आजूबाजूला पाहिलं. पुठ्ठेवाल्या आजी गप्प, त्यांच्या शेजारचा चेहरा हिरवा-पिवळा रंगवलेला तरुण गप्प, हातात बिअर घेतलेली सगळी रांग गप्प. दोन मिनिटांपूर्वी कान फुटतील असा गलका करणारे हजारो लोक आपल्या लाडक्या संघाची पाळी आल्यावर आवाज गिळून बसले होते. खाली जॉर्डन लव्ह, पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, रांगेमागे उभा राहून काहीतरी ओरडत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता. इतक्या वर, इतक्या माणसांत, एका माणसाचा आवाज.

कारण साधं आहे. दोन चालींच्या मधे चाळीस सेकंद असतात. प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवरून चाल सांगतो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. समोरची बचावफळी कशी उभी आहे ते बघून तो चाल बदलतो, बोट दाखवतो, हाक देतो, आणि ठरलेल्या हाकेला मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो. त्या हाका दहा सहकाऱ्यांना ऐकू जायला हव्यात. पाहुण्या संघाला त्या ऐकू जाऊ नयेत म्हणून त्यांच्या वेळी ओरडायचं. गोंगाटात कुणी क्षणभर आधी हलला की पंचाचा पिवळा रुमाल पडतो आणि त्यांना पाच यार्ड मागे जावं लागतं. म्हणजे प्रेक्षकांनी खरोखरच पाच यार्ड कमावलेले असतात.

आवडत्या माणसासाठी ओरडणं सोपं आहे, ते मी आयुष्यभर केलंय. पण इतक्या लोकांनी, बिअर पिऊन, थंडीत कुडकुडत, बाद फेरी पणाला लागलेली असताना त्याच्या कामासाठी शांतता धरून ठेवायची, आणि ती धरा असं कुणी सांगावंही लागत नाही, हे पाहून माझे डोळे भरून आले. कितीही हाय-टेक स्टेडियममध्ये मला असं झालं नसतं. त्या एका शांततेत मला हा खेळ कळायला लागला. दोन आदळण्यांच्या मधली ती रिकामी वाटणारी सेकंदं हाच खेळाचा अर्धा भाग आहे. टीव्ही नेमका तेव्हा प्रशिक्षकाचा चेहरा दाखवत बसतो.

मग मी मधल्या वेळात बघायला लागले. कोण कुठे सरकतोय, बचावाचे किती जण पुढे आलेत, कडेला उभा असलेला खेळाडू अचानक आडवा का धावला. पॅकर्सचा धावणारा खेळाडू ॲरन जोन्स चेंडू पोटाशी धरून त्या गर्दीत घुसायचा तेव्हा आधी त्याच्या पुढचे पाच दांडगे खेळाडू फट पाडतात हे दिसायला लागलं. त्यांच्या हाती चेंडू जवळजवळ कधीच येत नाही, त्यांची नावं कुणी ओरडत नाही. जोन्सनं त्या दिवशी 111 यार्ड धावून काढले, त्यात त्या पाच जणांचा वाटा फार मोठा. पॅकर्सचे दोन्ही टचडाऊन डोंटेव्हियन विक्स या पहिल्याच हंगामातल्या पोरानं लव्हचे पास झेलून केले. शिकागोला एकदाही एंड झोन गाठता आला नाही. तीनदा जवळ येऊन लाथेवर तीन-तीन गुण घेत त्यांनी नऊ केले.

जाहिरातींचा मात्र वीट आला. टीव्हीवाल्यांचा ब्रेक संपेपर्यंत बावीस खेळाडू नुसते उभे, आणि आम्ही थंडीत. घड्याळाप्रमाणे सामना साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तासांवर जातो, आणि चेंडू खरा खेळात असतो तो वेळ पाव तासही भरत नाही. चाळीस सेकंदांची शांतता मला मान्य आहे, पण गाड्यांच्या आणि पिझ्झाच्या जाहिरातींसाठी खेळ थांबवणं मुळीच मान्य नाही.

17-9 झालं तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला, पण पुतण्या नखं खात होता. आठ गुणांचा फरक म्हणजे एक टचडाऊन आणि वर दोन गुणांची चाल, की बरोबरी. या खेळात आठ गुण हे एकाच घासाचं अंतर आहे. म्हणून शेवटी पॅकर्सनी घाई सोडून दिली. धावणाऱ्याला मैदानाच्या आतच पाडलं तर घड्याळ चालू राहतं, पास खाली पडला तर थांबतं. म्हणून ते धावत राहिले, थोडे-थोडे यार्ड, पुन्हा चार संधी, आणि शिकागोच्या हाती चेंडू येण्याआधी मिनिटं संपवत राहिले. शेवटी लव्ह चेंडू घेऊन नुसता गुडघ्यावर बसला आणि लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आजींनी मलाही मारली.

परतताना वाहतुकीत किती वेळ गेला ते विचारू नका. पुढच्या रविवारी पॅकर्सनी डॅलसला त्यांच्याच मैदानात 48-32 हरवलं, तो सामना आम्ही घरी पाहिला. दहा यार्ड कुठे पुरे होतात ते दाखवणारी पिवळी रेघ टीव्हीवर दिसते, ती मैदानावर नसते, तिथे कडेच्या नारिंगी काठ्यांवरच नजर ठेवावी लागते. या बाबतीत टीव्ही बरा.

भारतातून बघायचं तर सप्टेंबर ते जानेवारी रविवारचे पहिले सामने रात्री साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होतात. सुपर बाऊल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, फेब्रुवारीत, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला. सुरुवात सुपर बाऊलपासून करू नका, त्यात मध्यंतरातला तमाशाच जास्त असतो. साधा रविवारचा एखादा सामना घ्या, एक संघ आपला माना आणि पहिली पंधरा मिनिटं चेंडूकडे अजिबात बघू नका. चेंडू मागे देणारा तो मधला खेळाडू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन, एवढ्या पाच जणांकडेच बघा.