चिकनगुनियाची टेस्ट करताना काय काय झालं, माझा अनुभव

आमच्या सोलापुरात पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, मग घराघरात ड्रम आणि बॅरल भरून ठेवलेले, आणि डेंग्यू-चिकनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाला साठलेलं साफ पाणीच तर लागतं. मागच्या पावसाळ्यात धाकट्या भावाला ताप आला तेव्हा घरात सगळ्यांनी डेंग्यूच धरला. तो दुसऱ्याच दिवशी कारखान्यातनं येता येता एका लॅबमध्ये रक्त देऊन आला, रिपोर्ट डेंग्यू निगेटिव्ह. आई म्हणाली, "साधा व्हायरल हाय बघ, काढा पी नि पड."

पण गड्याची मनगटं आणि घोटे असे सुजले की चहाचा कप धरता येईना. यंत्रमागावर दिवसभर धागे जोडणारा माणूस, त्याला शर्टाची बटणं लागेनात.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलं विचारलं, ताप कितवा दिवस? लॅबवाल्यानं हे विचारलंच नव्हतं, नुसती आयजीएम करून पैसे घेतले होते. आयजीएम म्हणजे आपल्या शरीरानं बनवलेली अँटीबॉडी, ती दिसायला साधारण चार-पाच दिवस जातात, दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह येण्याला काही अर्थच नाही. डेंग्यूसाठी निदान एनएस१ तरी आहे, ते व्हायरसचंच प्रोटीन असल्यानं पहिल्या दिवसांत सापडतं. सांधे असे सुजलेत म्हणजे चिकनगुनियाही असू शकतो, पण त्याला तशी सोय नाही, सुरुवातीला पकडायचा तर रक्तातला व्हायरसचा आरएनए (त्याचं जनुकीय साहित्य) शोधायचा, म्हणजे आरटीपीसीआर, आणि तोही पहिल्या आठवड्यातच, नंतर तो रक्तातनं जातो.

मग दोन्हीची पीसीआर आणि एनएस१ करायचं ठरलं. खरी कटकट इथं सुरू झाली, कारण सॅम्पल पुण्याला जाणार होतं आणि आरएनए फार नाजूक, रक्तातलीच एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात. जांभळ्या टोपणाची ट्यूब, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, लवकर वेगळा करायचा, बर्फात ठेवून पाठवायचा. एका ठिकाणी पोरगा ट्यूब तशीच टेबलावर ठेवून "संध्याकाळी गाडी येती" म्हणायला लागला, बाहेर ऊन बघा आपलं! आम्ही तिथनं उठलो आणि दुसरीकडं गेलो, तिथं डोळ्यासमोर सेंट्रिफ्यूजला, म्हणजे प्लाझ्मा वेगळा करणाऱ्या यंत्राला, लावलं.

रिपोर्ट येईपर्यंत फक्त पॅरासिटामोल. भाऊ दुखण्यानं कळवळायचा तरी डॉक्टर दुसरी पेनकिलर देईनात, डेंग्यू असला तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेवटी चिकनगुनिया पॉझिटिव्ह, डेंग्यू दोन्हीत निगेटिव्ह आला, प्लेटलेटही ठीक होत्या, तेव्हा कुठं सांधेदुखीची गोळी सुरू झाली. एवढ्यासाठीच ती टेस्ट हवी होती.

डॉक्टर म्हणाले, आता व्हायरसच्या नाही तर आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आरएनएवर संशोधन चाललंय, कारण व्हायरस घुसला की इंटरफेरॉन या शरीराच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या प्रोटीनमुळं आयएफआय२७ सारखे जीन्स लगेच जोरात चालू होतात, अँटीबॉडीच्या कितीतरी आधी. पण फ्लू, कोविडमध्येही तेच होतं, त्यामुळं कुठला व्हायरस हे वेगळं काढणं अवघड. पुढं डेंग्यू कुणाला गंभीर होईल हे आधी कळावं म्हणूनही हे बघतायत. ऐकायला भारी वाटतं, पण आपल्याकडं आधी बर्फाचा डबा वेळेवर मिळू दे.

भाऊ कामावर जायला लागलाय, मनगटं मात्र सकाळी अजून आखडतात. आणि ॲडमिट नव्हता म्हणून पीसीआरचं बिल मेडिक्लेममध्ये बसलं नाही, ते खिशातनंच गेलं.