आधी माझी तपासणी व्हायला हवी होती

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल होईना म्हणून त्यातली चार हिच्या तपासण्यांत गेली. तासगावहून सांगली, सांगलीहून मिरज. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का बघणारा तो एक्स-रेही झाला. त्या दिवशी हिला गाडीवर मागं बसवत नव्हतं. सगळं नॉर्मल, तरी गोळ्या चालूच. माझी तपासणी कुणीच सांगितली नाही. खरं तर मीही विषय काढला नाही. आईनं गणपतीला नवस बोलला तोही हिच्याच नावानं.

शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत जाडजूड फाईल मिटली. ''यांची वीर्यतपासणी कुठाय?'' निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडंही काहीतरी कारण सापडतं, म्हणाल्या.

आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे, नमुना तासाभरात लॅबला पोचवायचा, गार होऊ द्यायचा नाही. लॅबची 'खोली' म्हणजे संडास, बाहेर लोकांची रांग. जमेना. मग सांगलीत मित्राच्या खोलीवर गेलो आणि डबी बनियनच्या आत धरून गाडी हाणली. रिपोर्ट आला: मिलीलीटरला ३० लाख शुक्राणू. द्राक्षाचा हिशेब लाखात करणाऱ्याला हा आकडा भरपूर वाटला. हवे असतात दीड कोटीच्या वर.

आईला सांगायला मला तीन आठवडे लागले. ती शेंगा निवडत होती. ''मग तिला एवढी वर्षं...'' एवढंच म्हणाली नि निवडत राहिली.

एवढ्या कमी संख्येला इक्सीच बरी पडेल, असं ठरलं. एकेक शुक्राणू बारीक सुईनं थेट स्त्रीबीजात सोडतात. पण त्याआधी बीजं वाढवायला रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन, तेही हिला. दोष माझ्यात नि सुया तिला. इंजेक्शनं फ्रिजमधली, आणि गावात लाइटचा भरवसा नाही. बर्फ भरलेला थर्मास कायम तयार. शेवटचं इंजेक्शन मंगळवारी रात्री बरोबर साडेनऊला, गजर लावून दिलं. ३६ तासांनी, गुरुवारी सकाळी, बीजं काढली. नऊ मिळाली, भ्रूण चार झाले. दोन आत सोडले.

चौदाव्या दिवशी रक्त तपासलं. निगेटिव्ह.

उरलेले दोन गोठवून ठेवलेत. २०२१ च्या कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, पण ठेवणावळ पडते. आत्ता बागेत विरळणी चालू आहे. मार्चला माल गेला की पुन्हा मिरज.